इर्माबाईंची ओंजळ

जुलै लागला की इथे आखातात, आमच्या अल बर्शातल्या रस्त्यांवरच्या खजुरींना जाळीच्या पिशव्या बांधतात. घोस तोवर भरलेले असतात, काही पिवळेधमक, काही तांबूस. पाखरांनी टोचू नयेत, गळून पायाखाली येऊ नयेत म्हणून माणसं शिड्या लावून एकेका घोसाला पिशवी चढवत जातात. सिग्नलला गाडी उभी असली की मी ते बघत बसते. पुण्याहून नवीन आले तेव्हा मला वाटायचं, या देशाला ऋतूच नाहीत. एक ऊन आणि एक जरा कमी ऊन, एवढंच. मग हळूहळू कळत गेलं. हवा जड होते, बिल्डिंगच्या बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. नळाला दिवसभर कढत पाणी येतं, म्हणून गीझर बंद करून त्याच्या टाकीतल्या पाण्यानं अंघोळी सुरू होतात. शाळा बंद होतात, बायकामुलं भारतात जातात, पार्किंग निम्मं रिकामं होतं. हा इथला खजुराचा हंगाम. तो आला की मला इर्माबाई आठवतात, कारण त्या आमच्याकडे आल्या त्याच दिवसांत आणि गेल्या तो हंगाम सरताना.

आमचं अल क्वोजमध्ये मार्बलचं वर्कशॉप आहे. माझा नवरा शिरीष कामं घेतो आणि करून देतो, ऑफिस मी सांभाळते. स्वयंपाकघराचे ओटे, बाथरूमच्या भिंती, व्हिलांचे जिने. दगड तुर्कस्तानातून येतो, ओमानमधून येतो, इटलीहून येतो. आमच्याकडे कापून, घासून घेतला की कुणाच्या तरी घरात जाऊन निमूट बसतो. इतकी वर्षं मी दगडांच्या गराड्यात काढली, पण तेव्हापर्यंत दगड म्हणजे माझ्या लेखी चौरस मीटर होता.

त्या उन्हाळ्यात आमची रेवा सुट्टीला पुण्यात माझ्या बहिणीकडे गेली होती. मीही जाणार होते, पण एका हॉटेलचं काम लांबलं आणि राहून गेले. एका सकाळी फाटकाशी पिकअप येऊन थांबला. मागे ताडपत्रीखाली काहीतरी जड होतं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी एक गोरी म्हातारी बसली होती. गवती हॅट, पुरुषी शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. उतरताना तिनं कुणाचा हात धरला नाही. ऑफिसात येऊन तिनं आधी पाणी मागितलं, सावकाश सगळं प्यायली, आणि मग सांगितलं की तिला एक छप्पर हवंय, दगड फिरवायला चेन पुली हवीय, आणि सप्टेंबरपर्यंत वर्कशॉपचा एखादा कोपरा.

त्या इर्माबाई. बाई मी लावलं. नुसतं इर्मा म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि मॅडम तर आमच्याकडे रोज दहा येतात. बाई म्हणजे काय, असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा मी सांगितलं की आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्यांना असं म्हणतात. ते त्यांना आवडलं.

शिरीष पहिल्यांदा नाहीच म्हणाला. जागा कुठाय, मशिनं चालू असतात, एवढ्या वयाच्या बाईला काही झालं तर काय. इर्माबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग तो, निदान काय बनवायचंय ते तरी कळू दे, म्हणाला. पाणी प्यायची जागा, त्या म्हणाल्या. इथे घरांच्या, मशिदींच्या भिंतीबाहेर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी थंड पाण्याचे कूलर ठेवतात ना, सबील म्हणतात त्याला, तसलं. फक्त दगडाचं.

"आणि क्लायंट कोण?" शिरीषनं विचारलं.

"अजून कुणी नाही. ज्याला तहान लागेल तो."

क्लायंट नसलेलं काम शिरीषनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो हसला, आणि कॉम्प्रेसरच्या मागची जागा मोकळी करून द्यायला त्यानं गनीभाईंना सांगितलं. गनीभाई आमचे राजस्थानचे फोरमन. त्यांनी ताडपत्री काढली. आत करड्या-तपकिरी रंगाचा, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा ओबडधोबड दगड होता. रास अल खैमाच्या डोंगरातला. जवळ जाऊन पाहिलं तर त्याच्यात बारीक बारीक शिंपले रुतलेले होते. कधीकाळी हा डोंगर समुद्राच्या तळाशी होता, इर्माबाई म्हणाल्या, आणि तळहात त्या दगडावर तसाच ठेवून उभ्या राहिल्या. आपण ओळखीच्या घरी गेल्यावर तिथल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो ना, अगदी तसा.

हा दगड त्यांच्या व्हिलाच्या बागेत कित्येक वर्षं पडून होता. नवरा गेल्यावर त्या त्याच घरात एकट्या राहिल्या. आता घरमालकाला घर पाडून तिथे मोठी इमारत बांधायची होती, आणि जर्मनीतल्या मुलानं, मात्थियासनं, आईला कायमचं घेऊन जायचं ठरवलं होतं. सप्टेंबरमध्ये तो स्वतः न्यायला येणार होता. सामान बांधून झालं होतं. राहिला होता तो हा दगड. तो नेता येत नव्हता आणि त्यांना तो तसाच टाकूनही जायचं नव्हतं.

मग रोजचं सुरू झालं. त्या भल्या सकाळी टॅक्सीनं यायच्या आणि ऊन तापलं की जायच्या. आमच्याकडे कटिंग मशिनचा आवाज असा असतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पण चहाच्या सुट्टीत मशिनं थांबली की कोपऱ्यातून तो दुसरा आवाज यायचा. टक, टक, मग जरा थांबून टक. लाकडी हातोडा आणि छिन्नी. त्यांचे अंगठे सांधेदुखीनं वाकले होते, म्हणून छिन्नीला पाण्याच्या रबरी नळीचा तुकडा चढवून त्यांनी तिची मूठ जाड करून घेतली होती. मशिननं तासाभरात होईल असं काम त्या आठवडाभर करत बसायच्या. गनीभाईंनी एकदा ग्राइंडर पुढे केला. त्यांनी तो घेतला, खडबडीत बाजू सपाट करून घेतली, शुक्रिया म्हणून परत दिला आणि पुन्हा हातोडा उचलला. हाताच्या कामाचा अभिमान वगैरे त्यांना नव्हता. मला एकदा म्हणाल्या की मशिन फार वेगानं जातं, आणि पुढे काय करायचं ते मला तेवढ्या वेगानं सुचत नाही.

मी माझा चहा घेऊन तिथे जायला लागले. आधी कुतूहलानं, मग सवयीनं. त्यांच्यासाठी लिंबू पिळलेला कोरा सुलेमानी, माझ्यासाठी दुधाचा कडक करक. बोलणं इंग्लिशमध्ये चालायचं. मध्येच त्या चला या अर्थी यल्ला म्हणायच्या, संपलं या अर्थी खलास म्हणायच्या, आणि गनीभाईंकडून उचललेलं थोडं हिंदी.

त्यांचे वडील उत्तर जर्मनीतल्या एका लहान गावात थडग्यांचे दगड घडवायचे. युद्ध नुकतंच संपलं होतं आणि त्या धंद्याला तोटा नव्हता. लहानग्या इर्माला अक्षरं शाळेच्या आधी दगडावर कळली. वडील नावं कोरायचे आणि ती खाचांमध्ये बोट फिरवायची. तिच्या बोटांनी सगळ्यात आधी वाचली ती मेलेल्या माणसांची नावं. मोठेपणी तिनं शिल्पकलेचं शिक्षण घेतलं तेव्हा वडिलांनी एकच मागणं केलं, जमलं तर जिवंत माणसं घडव. ते तिनं आयुष्यभर मनावर घेतलं. पाणी भरणाऱ्या बायका, पोहायला निघालेली पोरं, बाकावर बसून बूट काढणारा म्हातारा. एका शहराच्या चौकात, एका तरणतलावाच्या दारात, एका शाळेच्या अंगणात तिची कामं लागली. त्या काळात तिचं नाव घेत असत. मग वारं फिरलं. लोकांना शिल्पांत लोखंड हवं झालं, तारा हव्या झाल्या. बूट काढणारा म्हातारा जुनाट ठरला. कामं येईनाशी झाली.

हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा मी शोधत होते. मला सापडला नाही.

त्याच सुमारास त्यांच्या नवऱ्याला इकडे नोकरी लागली, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात. तो इंजिनिअर होता. आपल्यामुळे बायकोचं काम सुटलं असं त्याला वाटत राहिलं. आणि इर्माबाई मला सांगत होत्या की त्यांचं काम खरं इथेच सुरू झालं. कारण इथे पाण्याला किंमत आहे हे त्यांना रोज दिसत होतं. उन्हातून आलेला माणूस पाणी कसा पितो, दोन्ही हातांनी ग्लास कसा धरतो, पिऊन झाल्यावर क्षणभर कुठे बघतो. घरी सामान पोचवायला येणाऱ्या माणसांना त्या पाणी द्यायच्या आणि बघत राहायच्या. नवरा खाऱ्या पाण्याचं गोडं करत होता, बायको ते पिणारी माणसं दगडात काढत होती. इथे त्यांना काही कामं मिळाली. एका चौकातलं कारंजं, एका शाळेची भिंत, खाडीकाठी एक बैठक. शहरं वाढली तसं एकेक करून सगळं गेलं. चौकाचा सिग्नल झाला, शाळा पाडून मोठी बांधली, बैठकीच्या जागेवरून रस्ता गेला.

मी घरी येऊन रेवाला फोन केला. म्हटलं, तू नेटवर शोध ना जरा, यांच्याबद्दल काय काय आहे. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"आई, देअर इज लिटरली नथिंग ऑन हर. एक जुनी ऑक्शनची एन्ट्री आहे, आणि देअर ऑल्सो दे गॉट द स्पेलिंग राँग."

मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी इर्माबाईंना सांगूनही टाकलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. मग म्हणाल्या, बरं झालं, म्हणजे कुणी खोटंही काही लिहिलेलं नाही. आणि पुन्हा कामाला लागल्या.

एका रविवारी शिरीषला सुट्टी होती. इर्माबाईंना जायच्या आधी त्यांचा तो कारंज्याचा चौक एकदा बघायचा होता. वर, उत्तरेच्या एका अमिरातीत. आम्ही तिघं निघालो. बाहेर आभाळ धुळीनं पांढरं झालं होतं. शहर संपून वाळू आणि मग पुन्हा शहर. इर्माबाई पुढच्या सीटवर ताठ बसून रस्ता दाखवत होत्या, पण त्यांच्या आठवणीतले रस्ते उरले नव्हते. दोनदा वळून आम्ही एकाच पेट्रोल पंपाशी आलो. शेवटी शिरीषनं एका कॅफेटेरियासमोर गाडी लावली आणि हॉर्न दिला. इथल्या पद्धतीप्रमाणे मालक स्वतः गाडीच्या काचेशी आला. वयस्कर मल्याळी गृहस्थ. शिरीषनं हिंदीत विचारलं, इथे पूर्वी एक कारंज्याचा राउंडअबाउट होता, तो कुठे?

"तीन औरत?" तो म्हणाला. "सीधा जाओ, दूसरा सिग्नल. वही तीन औरत है."

शिरीष म्हणाला, तिथे बायका आहेत अजून? नाही नाही, तो म्हणाला, त्या कधीच्या काढल्या. पण टॅक्सीवाले, डिलिव्हरीवाले, सगळे तसंच म्हणतात. नवीन पोरांनी तर पाहिल्याही नाहीत, तरी तेही म्हणतात. पत्ता सांगायला दुसरं आहे काय.

मी मागच्या सीटवरून इर्माबाईंना ते इंग्लिशमध्ये सांगितलं. तिथे त्यांनी पाणी वाहून नेणाऱ्या तीन बायका दगडात घडवल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्या मालकाकडे वळल्या आणि तीन चहा मागितले. आम्ही दुसऱ्या सिग्नलपर्यंत गेलो. चार बाजूंनी गाड्या येत होत्या, मधे एक खांब होता. त्या काचेतून बघत राहिल्या, आणि सिग्नल हिरवा झाल्यावर त्यांनीच शिरीषला यल्ला म्हटलं. परतताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपलं नाव कुणाला आठवत नाही, पण आपल्या बायकांनी एका कोपऱ्याला नाव दिलं. माणसाला याहून जास्त काय मागायचं असतं, असा विचार माझ्या मनात बराच वेळ चालला होता. मी इतकी वर्षं इथे राहतेय, माझ्या नावानं कोण कोपरा ओळखेल?

ऑगस्टपर्यंत दगडातून एक बाई बाहेर यायला लागली. गुडघे टेकून बसलेली, डोकं पुढे झुकवलेलं, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी. मनगटांमधून पाणी येणार, ओंजळ भरणार आणि बोटांच्या टोकांवरून बारीक धार खाली सांडणार. चेहरा अजून पुरता झाला नव्हता, पण मानेचा तो बाक झाला होता. एवढा दगड आणि त्यात तहान दिसत होती. आमच्याकडची माणसं डबा खाऊन हात धुवून आली की त्या कोपऱ्यावरून मुद्दाम वळसा घालून जायची.

मात्थियासचे फोन मला यायला लागले. सभ्य होता, पण चिडलेला. या उकाड्यात माझ्या आईला तुम्ही काम कसं करू देता, असं विचारायचा. मी आपली, पंखे लावलेत, सावली आहे, ऊन व्हायच्या आत त्या निघतात, असं सांगत राहायची. तो म्हणायचा, तुम्हाला माहीत नाही, लहानपणापासून आमच्या घरात आधी दगड आणि मग आम्ही.

आणि मग ते झालं. सकाळची वेळ होती. इर्माबाई मूर्तीच्या कानामागचे केस कोरत होत्या. हलकं काम, जोर लावायचा प्रश्नच नव्हता. मी ऑफिसात होते. टक असा आवाज आला, नेहमीच्यासारखाच, आणि त्याच्यामागून दुसरा, कोरडा, काहीतरी सुटल्यासारखा. मी धावत गेले. दगडात आतून एक नस गेलेली होती, बाहेर कुठे तिचा मागमूस नव्हता. मानेपासून डोकं तिरपं सुटून खाली पडलं होतं. गनीभाई दोन्ही हात डोक्याला लावून उभे होते. सगळी मशिनं एकेक करून थांबली.

इर्माबाई स्टुलावर बसल्या. हातोडा मांडीवर ठेवला. पडलेल्या डोक्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर शर्ट घामानं चिंब होता. शिरीषनं हळूच सांगितलं की हल्ली इपॉक्सी फार चांगली येते, जोड दिसणारसुद्धा नाही, आपण करून देऊ. त्यांनी मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही. टॅक्सी मागवून त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मात्थियास यायला थोडेच दिवस उरले होते. मला वाटलं, संपलं. आणि मनातून मला त्या दगडाचा रागही आला. इतकं सगळं आयुष्यभर पुसलं गेल्यावर हे एवढं तरी त्यांच्या हाती लागायला नको होतं का?

त्यानंतर त्या आल्या त्या नेहमीसारख्याच, हॅट घालून. सुलेमानी मागितला. कोपऱ्यात गेल्या आणि दगडाभोवती एक फेरी मारली. मग डोकं तुटल्यामुळे जी जागा मोकळी झाली होती तिथे, ओंजळीच्या समोर, त्या स्वतः वाकून उभ्या राहिल्या. बराच वेळ तशाच. सरळ झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि तसंच वाकायला लावलं. मी वाकले. दोन दगडी हात माझ्या तोंडासमोर आले.

"आतापर्यंत ही बाई स्वतःच पीत होती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला जागाच नव्हती. मला हे दिसलं नाही, दगडाला दिसलं."

मग त्यांनी गनीभाईंना उरलेली मान आणि खांदे कापून काढायला सांगितलं. गनीभाई माझ्याकडे बघायला लागले. मी शिरीषकडे. शिरीष म्हणाला, त्या सांगतात तसं करा. ब्लेड लागलं तेव्हा इर्माबाई तिथेच उभ्या होत्या, धूळ अंगावर घेत. महिनाभराचं काम भुग्यात गेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या कटिंग बरोबर होतंय ना, एवढंच बघत होत्या.

एखाद्या माणसाबद्दल आदर वाटायला सुरुवात कधी झाली हे सहसा सांगता येत नाही. मला येतं. त्या सकाळी.

पुढचे दिवस त्या फक्त हातांवर काम करत होत्या. डोकं गेल्यावर ओंजळ आता तोंडाशी नव्हती, किंचित पुढे आल्यासारखी दिसत होती, देणाऱ्या हातांसारखी. नखं, बोटांची पेरं, तळव्यावरच्या रेषा. कुणाचे हात आहेत, मी विचारलं. बाईचे आहेत की पुरुषाचे? त्या म्हणाल्या, काम केलेले आहेत. त्याच आठवड्यात गनीभाई सकाळी येऊन सांगत होते की सुहैल दिसला. पहाटे दक्षिणेला दिसणारा तारा. तो दिसला की इथले लोक म्हणतात, आता उकाडा ओसरणार. इर्माबाईंना हे ठाऊक होतं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे त्याच ताऱ्याला अगस्त्य म्हणतात, आणि ते एक ऋषी होते ज्यांनी अख्खा समुद्र ओंजळीत घेऊन पिऊन टाकला. त्यांनी छिन्नी खाली ठेवली आणि त्या हसत सुटल्या. इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला हे ऐकवायला हवं होतं, त्याला केवढा मोठा कारखाना लागायचा.

दगड कुठे बसवायचा हे शिरीषनं ठरवलं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागूनच कामगारांच्या बसेस थांबतात. संध्याकाळी तिथे पन्नास-पन्नास माणसं उभी असतात. त्यानं आपल्याच भिंतीत कोनाडा पाडला, मागे कूलर लावला आणि थंड पाण्याची लाइन दगडाच्या मनगटापर्यंत आणली. पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली पायानं दाबायचं बटण. दिवसभर खपून माणसांनी दगड बसवला, आणि सुट्टीच्या वेळेला इर्माबाई भिंतीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसल्या. त्या दिवशी मात्थियासही आला होता. विमानतळावरून थेट. उंच, पन्नाशीचा, टाय सैल केलेला.

पहिले काहीजण नुसते बघून गेले. मग एक वयस्कर माणूस आला, निळा युनिफॉर्म, डोक्याला गमछा. त्यानं बटण दाबून पाहिलं. ओंजळ भरली आणि धार सांडायला लागली. त्यानं आपल्या हातांची ओंजळ त्या ओंजळीखाली धरली, वाकला आणि प्यायला. मग तोंडावर पाणी मारलं. मग मागच्याला हात केला. बघता बघता रांग लागली.

मात्थियास माझ्या शेजारी उभा होता. थोड्या वेळानं तो आईच्या खुर्चीपाशी गेला आणि खाली फुटपाथवरच, कडक इस्त्रीच्या पँटनिशी, तिच्या पायाशी बसला. त्यांचं जर्मनमध्ये काही बोलणं झालं. इर्माबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. काय बोलले ते मी कधी विचारलं नाही.

दोन दिवसांनी त्या गेल्या. दगडावर नाव घालू का, असं शिरीषनं विचारलं होतं. तर त्या म्हणाल्या, नावं मी लहानपणी पुष्कळ कोरलेली पाहिलीत.

त्यानंतर अधूनमधून फोन व्हायचे. त्यांचं पहिलं विचारणं एकच, पाणी थंड येतंय ना? मी हो म्हणायची. मग गनीभाई कसे आहेत, रेवा काय करते. पुढे फोनवर मात्थियासच जास्त बोलायला लागला. आई आता फारसं बोलत नाही, म्हणायचा, पण तुझा फोन आला की ऐकते.

यंदा जूनच्या शेवटी त्याचा फोन आला, आणि त्याच्या आवाजावरूनच मला कळलं. झोपेत गेल्या. गावातल्या लहानशा चर्चमध्ये निरोप द्यायचा होता, आणि समोर ठेवायला त्याला आईच्या शेवटच्या कामाचा चांगला फोटो हवा होता. दगड बसवला त्या संध्याकाळी आईला सोडून दुसरं काही टिपायचं त्याला सुचलंच नव्हतं. दगड नीट दिसेल असा एक पाठव, तो म्हणाला.

मी त्याच संध्याकाळी फोन घेऊन भिंतीपाशी गेले. मला नुसता दगड हवा होता, मध्ये कुणी नको. पण सुट्टी झाली होती. एकजण पिऊन बाजूला झाला की दुसरा यायचा, कुणी बाटली भरायचा, कुणी गमछा भिजवायचा. मी थांबले. म्हटलं, जरा मोकळं होऊ दे. मोकळं होईना. उजेड उतरायला लागला. मग एक तरुण माणूस वाकला. दाढीवर सिमेंटची धूळ, डोळे मिटलेले. दगडी हातांखाली त्याचे हात, आणि दोन्हींच्या मध्ये त्याचा चेहरा. मी फोटो काढला. तो सरळ झाल्यावर मी त्याला स्क्रीन दाखवली आणि हिंदीत सांगितलं की ज्यांनी हे बनवलं त्या बाई वारल्या, त्यांच्या गावी हा फोटो पाठवू का? त्यानं आधी फोटो बघितला, मग दगड. जणू पहिल्यांदाच बघत होता. मग मान डोलावली, हात छातीला लावला आणि बस सुटत होती म्हणून पळाला.

मी तोच फोटो पाठवला. खाली लिहिलं, माफ कर, नुसता दगड मिळाला नाही.

आठवड्याभरानं मात्थियासचा फोन आला. सगळं व्यवस्थित झालं, म्हणाला. थोडीच माणसं होती, बहुतेक म्हातारी. आईचं काम त्यातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. समोर फुलं होती आणि तो फोटो, मोठा करून लावलेला. सगळे तिथे थांबून बघत होते. शेजारच्या घरातल्या एका आजींनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, हा पाणी पिणारा कोण, तुमच्या घरातला का?

"मी हो म्हटलं," मात्थियास म्हणाला.